पहिला प्रश्न विचारणारी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. रुग्णवाहिकांच्या कचेरीत, दूरध्वनीच्या अगदी समोर, एका खिळ्यावर माझे आयुष्य गेले. माझ्या अंगावर एकच इंग्रजी शब्द रंगवलेला आहे, 'व्हेअर', म्हणजे 'कुठे'. फोनची घंटा वाजली की आजही माझा पत्रा थरथरतो.

मला आबांनी, म्हणजे तेथील वृद्ध प्रशिक्षकांनी, रंगवून घेतले. पूर्वी एकदा 'काय झाले, कसे झाले' हे विचारता विचारताच फोन बंद पडला आणि गाडी फाटकातच उभी राहिली. तेव्हापासून 'कुठे' हा प्रश्न सर्वांत आधी, असा त्यांचा दंडक झाला. नव्या लोकांना माझ्यापुढे बसवून ते सांगत, "हा शब्द ठिकाण विचारतो. त्याला 'फ्रॉम' जोडला की कुठून आलात ते विचारतो. आणि प्रश्न सरला की तोच 'जिथे' होऊन दोन वाक्यांचे हात एकमेकांच्या हाती देतो." यावर चालक मामा म्हणत, की आमच्या घरी मी उंबऱ्यात पाऊल टाकताच हाच प्रश्न येतो, बायकोला तो कोणत्या आबांनी शिकवला कोण जाणे.

एका दुपारी घंटा वाजली. फोनवर बसणाऱ्या माईंनी माझ्याकडे पाहत विचारले, "कुठून बोलताय?"

पलीकडे लहान मुलीचा आवाज होता. "आईजवळून. आई स्टुलावरून पडली. बोलतच नाही."

पडदे लावताना ती पडली होती. ते कुटुंब कालच त्या घरात राहायला आले होते आणि मुलीला पत्ता ठाऊक नव्हता. भयाने मी गार पडले. मला दुसरा शब्दच येत नव्हता.

माईंचा आवाज मात्र हलला नाही. "बाळा, काल सामान कुठून वर आणलंत?"

"जिन्यातून."

"आणि जिना कुठे आहे गं?"

"घड्याळाच्या दुकानाला लागून. तिथलं एकही घड्याळ बरोबर नाही."

माईंनी ते शब्द मोठ्याने पुन्हा उच्चारताच मामा ताडकन उठले. "त्याच्याकडे माझं घड्याळ वर्षभर पडून आहे," असे म्हणत ते गाडीकडे धावलेसुद्धा.

माईंनी मुलीला दाराची कडी काढायला लावली. मग त्या म्हणाल्या, "आता आई जिथे आहे तिथेच बस. तिला हलवू नकोस. मी फोन ठेवत नाही."

त्यानंतर नुसता एक इवलासा श्वास ऐकू येत राहिला. माईंच्या मुठीत पेन्सिल मोडली. शेवटी जिन्यावर बूट वाजले, मामांचा आवाज आला, आणि त्यामागून एक क्षीण स्वर उमटला, "माझं पिल्लू कुठे आहे?"

तेव्हा कोठे माईंनी डोळे पुसले.

आता फोन करणाऱ्याचे ठिकाण संगणकाच्या पडद्यावर आपोआप उमटते. माझा रंग उडाला आहे आणि मला कपाटामागे उभे केले आहे. तरीही घंटा ऐकली की धास्ती वाटते, की पलीकडे एखादे मूल असेल आणि त्याला आपण कुठे आहोत हे सांगता येणार नाही. मित्रांनो, नव्या घरात गेलात तर खेळणी मांडण्याआधी पत्ता पाठ करा. आणि कोणी घाबरून भलतेच उत्तर दिले तर त्याच्यावर रागावू नका. तोच प्रश्न, जरा हळू आवाजात, पुन्हा विचारा.