आष्टीकर प्रोफेसरचा खड्डा

खुर्सीपारच्या आमच्या झोपड्यांत विहीर नव्हती, हे कळायला भूगर्भशास्त्र लागत नाही. ठेकेदाराचा टँकर दिवसाआड यायचा. नाही आला तर बायका पलीकडच्या तळ्यावर जायच्या, आणि तिथे म्हशींचा नंबर आधी. आम्ही सगळे भंडारा-गोंदियाकडचे, नांगर सोडून मातीकामाला आलेले. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष झालं होतं. लोखंड कसं वितळतं ते बघायला लांबलांबून माणसं येत. आमची घागर कशी भरते ते बघायला कोण कशाला येईल?

आले ते आष्टीकर प्रोफेसर. नागपूरच्या कॉलेजात खडक शिकवायचे. कॉलेजने वर्षभर मोकळं केलं होतं. इथल्या दगडांचा नकाशा करायचा, कामगारांचा संध्याकाळचा वर्ग घ्यायचा आणि विज्ञान जनतेपर्यंत न्यायचं, अशी तीन कामं घेऊन ते आले. जनता म्हणजे आम्ही.

माणूस शिकवायचा झकास. खोटं कशाला बोलू? मी चौथी पास, पण त्यांच्या वर्गात बसलो की पायाखालची जमीन पुस्तकासारखी उघडायची. वर मुरूम, खाली पिवळी माती, मग जांभळा शेल, म्हणजे पाटीसारखा थराथरांचा दगड, मग चुनखडी. "भाऊराव, ही चुनखडी एके काळी समुद्राचा तळ होती," म्हणायचे. दिवसभर तीच माती उपसून आलेले आम्ही तोंड उघडं टाकून ऐकायचो.

श्रावणात त्यांच्या पाठीत उसण भरली. खाणीत वाकून दगड फोडताना धरली ती सुटेचना. मी त्यांना माझ्या मावशीकडे, गयाबाईकडे नेलं. गयामावशी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळूचा पाय लागला की उसण जाते आणि पायाळूला जमिनीखालचं पाणी दिसतं, असं आमच्याकडे मानतात. पाऊस-वीज सुरू झाली की तिला कोणी झाडाखाली उभं राहू देत नसे. वीज पायाळूला शोधत येते म्हणून.

प्रोफेसर तिच्या चटईवर पालथे पडले. तिने पाठीवर पाय ठेवला, दाबला, एक हलकी लाथ हाणली. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "यात चमत्कार काही नाही. स्नायू मोकळा झाला."

"असंल बापा," मावशी म्हणाली. "उठले ना? चहा घ्या."

भाद्रपदात आमच्या गणपतीपुढे त्यांचं व्याख्यान झालं. कंदिलाच्या यंत्रातून पडद्यावर चित्रं दाखवली. मग म्हणाले, आता प्रयोग. मांडवामागे मडकी पुरली होती. एकात पाणी, बाकीची रिकामी. गयामावशीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि म्हणाले, "बाई, पाणी कुठे आहे?" ती नको म्हणाली नाही. पाहुण्याचा मान. चालली, थांबली, आणि रिकाम्या मडक्यावर उभी राहिली.

मांडव हसला. जे हसले त्यातल्या अर्ध्यांच्या पाठी तिनेच सरळ केल्या होत्या.

"मडक्यातलं पाणी मले कसं दिसंल व माय," ती पट्टी सोडत माझ्या बायकोला, पंचफुलाला म्हणाली. पण ऐकणार कोण? त्या दिवसापासून तिला पाणी विचारणं बंद.

इथे आमच्या लोकांनी आपली अक्कल दाखवली. मारोतराव आमच्या वस्तीचा म्होरक्या. तो म्हणाला, "ज्यानं पायाळूले हरवलं, त्याले पायाळूपेक्षा जास्त दिसत असंल. सायेब, जागा तुमीच दाखवा."

प्रोफेसर हातोडी घेऊन हिंडले, दगड ठोकले, जीभ लावून बघितले. मग आमच्या झोपड्यांच्या वरच्या अंगाला चुन्याने एक गोल काढला. "इथे खणा."

पाणी लागेल, असं ते म्हणाले नाहीत. लागणार नाही, असंही म्हणाले नाहीत. आणि आमच्यात विचारायची सोय नाही. पायाळूने जागा दाखवली, तिथे नारळ फुटला, की पुन्हा शंका घ्यायची नाही. शंकेने पाणी पळतं म्हणतात. आम्ही चुन्याच्या गोलाला शेंदूर लावला आणि नारळ फोडला तो त्यांच्याच हातोडीवर. सायबाने हसून हातोडी पुढे केली. त्यांना कळत नव्हतं आम्ही काय समजून राहिलो? चांगलं कळत होतं.

दिवाळीनंतर खणायला घेतलं. ड्यूटी करून आलेली माणसं पहार मारायची, बायका घमेली ओढायच्या. मावशीसुद्धा ओढायची. ठेकेदाराच्या माणसाने खड्डा बघितला आणि टँकर बंद केला. "अब तो कुआँ बन रहा है तुम्हारा," म्हणाला. आम्ही खूश! बायका रोज तळ्यावर जाऊ लागल्या तरी खूश. विहीर येऊन राहिली ना.

माघात पहार खणकन वाजली. जांभळा शेल संपला, राखाडी चुनखडी लागली. निरोप गेला तसे प्रोफेसर धावत आले, चपला काढून दोरावरून खाली उतरले आणि त्या दगडावर हात फिरवत बसले. दगडात लाटांसारख्या रेघा होत्या. पोर झाल्यासारखा चेहरा त्यांचा.

पंचफुलाने वरून विचारलं, "पाणी हाय का जी?"

"यापेक्षा मोठी गोष्ट आहे!" खालून आवाज आला.

त्या संध्याकाळी वर्गात ते स्वतःच बोलले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "खोल भोक पाडायचं यंत्र मागून मागून थकलो मी. कोणी दिलं नाही. तुम्ही लोकांनी हातांनी करून दाखवलंत. शेल आणि चुनखडीची सीमा मला नेमकी तिथेच हवी होती."

"अन् पाणी, सर?"

"पाण्यासाठी खाली उताराला जायला हवं. रेल्वे लाइनकडे. तिथे भेगा आहेत खडकात."

"मग तिथं कावून नाई दाखवलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी धडाच वाचला नाही. "तिथे सीमा नाही, भाऊराव."

मी उठलो आणि पुन्हा त्या वर्गात गेलो नाही. वस्तीत सांगितलं तर मारोतराव माझ्यावरच उखडला. "नारळ फुटला हाय. तुह्यासारख्या शंकेखोरामुळंच पाणी पळालं बे!" आणि लोक चुनखडी फोडत राहिले. पहारी बोथट झाल्या. होळीनंतर तळ्याच्या पाण्याने पोरांना हगवण लागली. मी ठेकेदाराच्या माणसाकडे टँकर मागायला गेलो, तर तो म्हणतो, "विहीर तर आहे ना. अजून खोदा."

म्हणजे जोवर खड्डा, तोवर टँकर नाही.

वैशाखात प्रोफेसरांचं वर्ष संपलं. शेवटच्या दिवशी ते नागपूरची पोरं बसमध्ये भरून खड्डा दाखवायला घेऊन आले. काठावर उभे राहून बोलले, "हा नुसता खड्डा नाही. जनतेच्या श्रमातून उभं राहिलेलं विज्ञान आहे." पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्याही काहींनी वाजवल्या. मारोतरावाने हार घातला.

मी ओरडलो, "पाणी नाई हे मालूम असून खणायले लावलं तुमी!"

"पाणी लागणारच, असं मी कधी म्हणालो?" त्यांनी शांतपणे विचारलं. आणि ते खरं होतं. म्हणूनच जास्त आग झाली.

तेव्हा गयामावशी पुढे आली. हातात मातीने भरलेलं घमेलं.

"मास्तर, आमच्या गावची रीत हाय. इहीर कोरडी गेली की जागा दाखवणाऱ्यानं पयलं घमेलं वापस टाकाव. म्या दोनदा टाकलं हाय जनमात. लोकाईनं तोंडावर शिव्या देल्या, म्या ऐकल्या. घ्या."

प्रोफेसर हसले. "अहो बाई, बुजवायचा नाही हा! दरवर्षी विद्यार्थी येतील इथे. असा छेद मध्य प्रदेशात दुसरीकडे नाही."

"अन् आमचा टँकर?"

"ते ठेकेदाराशी बोला. तो माझा विषय नाही."

मावशीने घमेलं त्यांच्यापुढे धरून ठेवलं. त्यांनी हात मागे बांधले. मग तिने स्वतःच ते खड्ड्यात उलटं केलं. माती चुनखडीवर जाऊन पडली.

"थांबा! रेघा झाकल्या जातील!" प्रोफेसर किंचाळले.

पंचफुलाने दुसरं टाकलं. मग आमच्या शेजारच्या देवरावच्या घरच्या बायकांनी, मग सगळ्यांनी. मारोतराव मध्ये आला, तर त्याच्या बायकोने त्याला कोपराने बाजूला सारलं. मी फावडं घेतलं. प्रोफेसर "माझं वर्षाचं काम" म्हणत काठावर इकडून तिकडे धावत होते. त्यांना कोणी हात लावला नाही. शेवटी पोरांनीच त्यांना धरून बसमध्ये बसवलं.

खड्डा बुजवायला खणण्यापेक्षा पुष्कळ कमी वेळ लागला.

टँकर पुन्हा सुरू झाला. दिवसाआड नाही, आठवड्यातून दोनदा, तोही अर्धा. बायका नळीच्या तोंडाशी एकमेकींच्या झिंज्या उपटतात. काल त्या ढकलाढकलीत मावशी पडली, घागर फुटली. तिला उठवायला पंचफुला वाकली, तेवढ्यात तिचाही नंबर गेला. रेल्वे लाइनकडच्या उताराची गोष्ट मी अजून सांगतो. पण आता तिथे खणू म्हटलं की लोक विचारतात, "तुले कोणी सांगितलं? त्याच प्रोफेसरनं ना?"