शुक्रवारची भूल

पदव्युत्तर प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची मुदत त्या संध्याकाळी संपत होती. उज्वला भोयेला नाशिकमध्येच स्त्रीरोग विभागात जागा मिळेल, याबद्दल वसतिगृहात कुणाला शंका नव्हती. पेठच्या डोंगरातल्या तिच्या पाड्यावरून डॉक्टर झालेली ती पहिलीच. वडील, केरू, भेटेल त्याला सांगत, पोरगी बायांची डॉक्टर होणार. तिलाही तेच व्हायचं होतं.

इंटर्नशिपमध्ये तिला डोंगरातल्या एका ग्रामीण रुग्णालयात पाठवलं होतं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तिथे रोज असत. भूल देणारे नाशिकहून फक्त शुक्रवारी येत. ठरवलेली सिझेरियन त्या दिवशी होत. इतर दिवशी अडलेल्या बाईला घाट ओलांडून नाशिकला न्यावं लागे. वरिष्ठांना डोंगरची बोली येत नसे, त्यामुळे समजावून सांगायचं काम आपोआप उज्वलाकडे आलं. बाया तिच्यासाठीच खोळंबून राहत. सोबतचा इंटर्न कुंदन चिडवायचा, हिला स्टेथोस्कोप नको, भोंगा द्या.

उज्वलाच्या शेजारच्या पाड्यावरची कुसाबाई सुनेला तपासायला घेऊन आली तेव्हा पोटातलं मूल पायाळू होतं. उज्वलाने सांगितलं, शुक्रवारी या, त्या दिवशी ऑपरेशन होतं. आधी कळा आल्या तर वार न बघता निघा, हे सांगायचं राहिलं. बाहेर रांग होती, आणि एवढं तर कुणालाही कळतं, असं तिने धरलं.

कळा बुधवारी सुरू झाल्या. घरच्यांनी सुनेला शुक्रवारपर्यंत घरात ठेवलं, आणि शुक्रवारी सकाळी जीपमध्ये घालून आणलं. भूल देणारे डॉक्टर आलेले होते, टेबल तयार होतं. गर्भाशय फाटलं होतं. मूल आधीच गेलेलं. सून टेबलावरच गेली.

कुसाबाईने आवाज चढवला नाही. ती उज्वलाजवळ येऊन म्हणाली, "बाय, तू सांगलास तसाच केला आमी."

चौकशीच्या बैठकीत 'नातेवाइकांनी उशिरा आणले' एवढंच लिहिलं गेलं. उज्वला बोलायला उठली. वरिष्ठांनी हाताने खाली बसवलं.

आता तिच्या पडद्यावर पहिली पसंती पॅथॉलॉजी होती. कुंदनने ती वाचली. मग म्हणाला, निदान भूलशास्त्र घे, तिकडे तीच माणसं कमी आहेत.

"भूल द्यायच्या आधी पेशंटशी बोलावं लागतं," ती म्हणाली.

केरूचा फोन आला. तिने पॅथॉलॉजी म्हणजे काय ते सांगितलं. त्यात बायांशी बोलायचं असतं का, त्याने विचारलं. नसतं, ती म्हणाली. मग त्याने निरोप दिला. कुसाबाईची धाकटी सून पोटुशी होती. कोणत्या वारी आणायचं, ते तुझ्याकडून विचारून घ्यायला तिने सांगितलंय.

"वार बघू नका म्हणावं. कळा आल्या की निघा."

"तूच सांग तिला. माझं नाय ऐकायची ती."

उज्वलाने फोन ठेवला. पसंती तशीच ठेवून लॉक केली.