नणंदबाईंच्या हिरड्या

नणंदबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या तरी घरीदारी सगळे त्यांना बाईच म्हणत. धाकट्या भावाची बायको हिरड्यांची डॉक्टर होती, पण बाईंनी तिला कधी डॉक्टरांत धरलंच नाही. "आमची भावजय दात कोरते," असं त्या चारचौघांत सांगत. भावजय हसून सोडून देई.

बाईंना स्वच्छतेचं भारी वेड. करपलेलं पातेलं घासावं तसे त्या दात घासत. व्हायचं तेच झालं. खालच्या पुढच्या दातांवरून हिरड्या सरकल्या, मुळं उघडी पडली. पाण्याचा गार घोट घेतला की कळ थेट मस्तकात जाई. बरेच दिवस अंगावर काढल्यावर शेवटी नाक मुठीत धरून त्या भावजयीच्या दवाखान्यात गेल्या.

"सरकलेली हिरडी आपण होऊन जागेवर येत नाही, बाई," भावजय आरसा दाखवत म्हणाली. "टाळूच्या कातडीखालचा पातळ पापुद्रा काढून इथे शिवावा लागेल. आणि आधीच सांगते, या कडेच्या दाताचं मूळ पूर्ण झाकलं जाईलच असं नाही."

"म्हणजे खात्री नाही?"

"या एकाची नाही. कळा मात्र कमी होतील. आणि तुमचं ते घासणं बदलावं लागेल."

हे रोखठोक उत्तर बाईंना मनातून आवडलं. पण तसं बोलून दाखवतील तर त्या बाई कसल्या!

शस्त्रक्रियेच्या दिवशी भुलीनं तोंड बधिर झालं आणि बाईंवर जन्मात पहिल्यांदाच तोंड उघडं ठेवून गप्प बसायची वेळ आली. वरच्या दिव्याच्या काचेत त्यांना भावजयीचे हात दिसत होते. "आता ओढल्यासारखं वाटेल," ती म्हणे आणि अगदी तसंच वाटे. टाके संपत आले होते, तोच हात थांबले.

"पापुद्रा हलतोय," भावजय म्हणाली.

"चालून जाईल की, मॅडम," मदतनीस म्हणाली. "बाहेर पेशंट खोळंबलेत."

"हलला तर रुजणार नाही. उसवू या. बाई, अजून वेळ लागेल. नको वाटलं तर हात वर करा."

बाईंचा हात मांडीवरून हलला नाही. भावजयीनं टाके काढले, पापुद्रा नीट बसवला आणि पुन्हा पहिल्यापासून शिवायला घेतलं. ना उसासा, ना चिडचिड. केलेलं काम आपण होऊन मोडून पुन्हा करणारी माणसं बाईंनी उभ्या आयुष्यात फार थोडी पाहिली होती. त्यांतली एक इतकी वर्षं आपल्याच घरात वावरत होती, आणि आपल्याला पत्ता नाही!

टाळू काही दिवस भाजल्यासारखी चुरचुरली, मग निवळली. टाके काढायला गेल्या तेव्हा हिरडी छान गुलाबी दिसत होती. कडेच्या दाताचं मूळ जरासं उघडंच राहिलं होतं. त्याबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नाही.

बाहेर बाकावर एक धिप्पाड ट्रकचालक घाम पुसत बसला होता. त्याचीही हीच शस्त्रक्रिया होती. बाई त्याच्या शेजारी टेकल्या.

"घाबरू नका. मनासारखं झाल्याशिवाय सोडत नाही ती. माझी भावजय आहे."

त्याला बोलवायला आलेली भावजय दारातच थबकली. तिच्याकडे न बघता बाईंनी खालचा ओठ बोटानं खाली ओढला.

"हे बघा," त्या बोबडं बोलल्या, "केवढं नाजूक काम!"