पत्र्यांनी वाकवलेला आवाज

मित्रांनो, शेलार गावाच्या पलीकडे माळावर कुंपणाच्या आत पांढरी झाकणे गोलाकार मांडलेली दिसतात. येणारेजाणारे त्यांना पाण्याच्या टाक्या समजतात. तो मी. मी एक जुना दिशादर्शक आहे. विमानांना रेडिओलहरींनी दिशा सांगणे हे माझे काम.

मी इथे आलो तेव्हा चहूकडे भातखाचरे होती. तपासणीचे विमान आठवडाभर माझ्याभोवती घिरट्या घालत होते. शेवटच्या दिवशी विमानातली माझी दिशा दाखवणारी सुई पाहून वैमानिक म्हणाला, "सुई तसूभर हलत नाही." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

दर काही सेकंदांनी मी टिंब-रेघांच्या आवाजात माझ्या नावाची तीन अक्षरे पाठवतो. वैमानिक आधी ती खूण ऐकतो आणि मगच सुईवर विश्वास ठेवतो. दुरुस्ती चालू असली की खूण बंद ठेवतात. खूण नसेल तर मला विचारायचे नाही, असा नियम आहे.

पुढे खाचरांच्या जागी गोदामे आली. विमानांत उपग्रहावरून वाट सांगणारी यंत्रे बसली. माझ्या झाकणांवर शेवाळ धरले, कुंपणाची तार सैल झाली. तरी ढगांत काही वैमानिक अजून मला विचारतात. माझी देखभाल क्षितिजाकडे आहे. ती याच गावची. तिच्या मामांचे, केसरीनाथांचे, घर माझ्या कुंपणाला लागून आहे.

गेल्या मे महिन्यात मामांच्या प्रितेशची हळद होती. करवलीचा मान क्षितिजाचा होता. आकाशात अवकाळीचे ढग होते. पाहुणे भिजू नयेत म्हणून मामांनी कापडाऐवजी, नव्या गोदामासाठी आणलेले पत्रे मांडवाला ठोकले. ते माझ्यापासून शंभर पावलांवर होते.

दुपारी माझ्या यंत्रांच्या खोलीत ड्युटीवर असलेल्या क्षितिजाला विमानतळाच्या नियंत्रण कक्षातून फोन आला. ढगांतून उतरणाऱ्या एका विमानात माझी सुई डोलत होती, आणि मागे आणखी दोन विमाने होती.

"मॉनिटर तर हिरवा आहे, मॅडम," तिचा सहकारी सागर म्हणाला. "त्या पायलटच्याच यंत्रात लोच्या असेल."

मित्रांनो, माझी चूक मला कळत नाही. मी सरळच बोलत होतो. माझा आवाज पत्र्यांवर आपटून वाकडा वर जात होता. मला तपासणारी अँटेना दुसऱ्या बाजूला आहे, तिला सारे ठीक दिसत होते. क्षितिजाने मात्र खिडकीबाहेर पाहिले. तिने माझी खूण बंद केली, 'याच्यावर अवलंबून राहू नका' असे कक्षाला कळवले आणि ती तडक मांडवात गेली.

"मामा, पत्रे काढा. कापड लावा."

"एका दिवसाचा मांडव हाय गो. विमान वरनं जातंय, आमचे मांडवातनं न्हाय!"

"जातं वरूनच, पण त्याला वाट इथून सांगतात."

"नि पावनं भिजले तं?"

"भिजतील. सुकतीलही."

मामांचा चेहरा उतरला. "पत्रं काढाला लावशील तं करवली म्हणून उभी राहू नको."

क्षितिजा म्हणाली, "बरं. पण आत्ता काढा."

लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण राहीबाई पाटावरून ओरडली, "केसरीनाथ, हलद पोराला लावाची का पत्र्याला? काढ ते!" लोक हसले. प्रितेश स्वतः शिडीवर चढला. तासाभरात पत्रे खाली आले. तोवर तिन्ही विमाने कक्षाच्या सूचनांवर सुखरूप उतरली.

दोन दिवसांनी तपासणी झाली आणि माझी खूण पुन्हा सुरू झाली. करवली म्हणून मात्र उन्नती नावाची दुसरी भाची उभी राहिली. क्षितिजा त्या वेळी माझ्या खोलीत ड्युटीवर होती. मामा अजून तिच्याशी बोलत नाहीत.

आता त्याच जागी त्या पत्र्यांच्या गोदामाचा पाया खणला जातो आहे. क्षितिजाने लेखी हरकत घेतली आहे. निकाल लागलेला नाही. हरकत फेटाळली, तर माझी खूण कायमची बंद करावी लागेल.

मित्रांनो, तुमच्या गावाजवळ कुंपण घातलेला असा माळ असेल, तर त्याच्याशेजारी काय बांधले जात आहे, हे मोठ्यांना विचारा. माझी चूक मला ऐकू येत नाही, ती बाहेरून कोणीतरी सांगावी लागते. जी सांगते, तिला निदान आपल्या मांडवातून उठवू नका.