लिंबाजवळचे तीन सेकंद

डेअरीच्या गाड्यांवर देखरेख करणाऱ्या विरेशनं संगणकाचा पडदा टँकरचालक बंदेनवाजकडं फिरवला. वैराग रस्त्याचा नकाशा, आणि त्यावर एकाच जागी पाच लाल ठिपके.

"पाच दिवसांत पाचदा तीन-तीन सेकंद डोळे मिटले, तेही सकाळी साडेनऊला. भाई, घरी झोप होत नाही का?"

"होतीय की."

"मग? यंत्र आणखी एकदा वाजलं तर मला तुम्हाला टँकरवरून उतरवावं लागेल."

बंदेनवाज रुमालाची कड चोळत राहिला. बावीस वर्षं बार्शीहून सोलापूरला दूध आणलं, गाडीला साधा ओरखडा नाही, आणि आता काचेजवळची, डोळ्यांवर नजर ठेवणारी डबीएवढी वस्तू त्याला झोपाळू ठरवत होती! पण भांडायचं कुणाशी? ते यंत्र त्यानंच मागून घेतलेलं. धाकटा भाऊ हमजा टँकर चालवताना डुलकी लागून रस्त्याकडेच्या कडुलिंबावर आदळून गेला, त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला बंदेनवाजच मालकांपुढं हात जोडून म्हणाला होता, "सगळ्या गाड्यांत ते वाजणारं यंत्र बसवा, मालक."

"तितं हमजा गेला," तो शेवटी म्हणाला. "लिंब आला की डोळं मिटून दुवा मागतो. झोपत न्हाय मी."

विरेशनं पडदा परत स्वतःकडं वळवला.

"मग खाली उतरून मागा की."

"दुधाची गाडी वाटेत थांबली की तुमीच इचारता, पाणी कुटं घातलं म्हणून."

"ते आहेच. पण भाई, डोळे मिटल्यावर समोरून कुणी आलं तर?"

खरंच होतं ते.

त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी बार्शीहून टँकर काढला तेव्हा पापण्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं. वैराग मागं पडलं, लिंब दिसला. त्यानं डोळे ताणून उघडे ठेवले. बुंध्यावरची निघालेली साल पहिल्यांदाच नीट दिसली. मग झाड मागं गेलं. दुवा ओठांवर आलीच नाही. तिला मिटल्या डोळ्यांची सवय.

सोलापुरात पोचला तर विरेश फाटकातच उभा.

"शाब्बास भाई! आज एकदाही वाजलं नाही. चालक ताजातवाना, असं दाखवतंय."

"व्हय की," बंदेनवाज म्हणाला.

विरेश आत गेल्यावर त्यानं इंजीन बंद केलं आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकून डोळे मिटले. गाडी उभी होती, त्यामुळं काही वाजलं नाही.