तहकूब सभेचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. वरवंडजवळच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या कपाटात माझा मुक्काम असतो. माझी जाळी गंजली आहे. वर्षानुवर्षे पुढाऱ्यांनी तिला तोंड लावून भाषणं ठोकली, दुसरं काय होणार?

दौंडच्या दुकानातून आणलं तेव्हा माझा थाट काय विचारता! पंधरा ऑगस्टला मला झेंडूचा हार घालत. "आवाज खणखणीत हाय गड्या," असं हौसराव म्हणायचे आणि मी फुगून जायचो. हौसराव म्हणजे गावचे कायमचे कारभारी. सरपंच कुणीही असो, मी त्यांच्याच हातात. बौद्धवस्तीतली माणसं मागं, दाराशी बसत. बारा वर्षांत त्यांच्यातल्या एकाचाही आवाज माझ्यातून गेला नव्हता. खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

मग सरपंचपद राखीव झालं आणि वस्तीतल्या गौतमीताई निवडून आल्या. हौसराव उपसरपंच झाले. खुर्चीत ताई बसत, बोलत मात्र हौसराव. "ताई नव्या हायेत, मीच सांगतो," म्हणून ते मला उचलायचे.

वस्तीच्या स्मशानभूमीला शेड नव्हती. पावसात सरण पेटत नसे. वस्तीतले म्हातारे बन्सीआबा रोज कार्यालयात येऊन ताईंना गाठायचे. खोकल्यानं ते पार खंगले होते.

"पोरी, घर मागत न्हाई. जळायला तेवढी कोरडी जागा दे."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ताईंनी मला पहिल्यांदा हातात घेतलं. "निधी आलाय. पहिला ठराव शेडचा," एवढंच त्या बोलल्या. हौसरावांनी शिपाई हरिबाकडे नुसतं पाहिलं. हरिबानं माझी पिन उपसली.

"लाईट गेली," हौसराव म्हणाले. डोक्यावर ट्यूब जळत होती.

ताई तशाच मोठ्यानं बोलू लागल्या. तेवढ्यात पुढच्या रांगा उठल्या. कुणाला जनावरं आठवली, कुणाला पाहुणे. ग्रामसेवकांनी डोकी मोजली. सभेला शंभर माणसं लागतात, सत्त्याण्णव उरली.

"तीन कमी आहेत. सभा तहकूब."

"आरं, तिघं तरी थांबा की!" बन्सीआबा ओरडले. निघालेली माणसं चपला घालतच राहिली.

वस्तीला वाटलं, पुढच्या वेळी शंभर जमवू. तहकूब सभेला माणसांची अटच नसते, हे हौसरावांना माहीत होतं, ताईंना नव्हतं. हौसरावांच्या सांगण्यावरून ती सभा मंगळवारी अकराला ठेवली. तेव्हा वस्ती मजुरीवर आणि कंपनीच्या शिफ्टला गेलेली. बावीस जणांनी हात वर केले आणि निधी गावच्या स्वागतकमानीला गेला. ताई "नको" म्हणाल्या. ते मला ऐकू आलं, पण माझी पिन बाहेरच होती.

बन्सीआबा श्रावणात गेले. दुसऱ्या दिवशी ताई कार्यालयात आल्या आणि हरिबासमोर उभ्या राहिल्या.

"मामा, सरण तीनदा विझलं. शेवटी टायर टाकून, डिझेल ओतून आबाला जाळला."

हरिबानं मान खाली घातली. "म्या हुकमाचा ताबेदार, ताई."

"मला ठाव हाय. पण त्या दिवशी पिन तुम्हीच काढलीत."

त्याच आठवड्यात मला कमानीच्या उद्घाटनाला नेलं. हौसराव तासभर बोलले. मी खणखणीत वाजलो आणि मला माझीच लाज वाटली.

मित्रांनो, माझी जाळी पुसू नका, हारही नकोत. उद्या तुम्ही मोठे व्हाल, सभांना जाल. दाराशी बसलेलं कुणी उठून बोलू लागेल आणि तुमच्या शेजारचे चपला शोधू लागतील. तेव्हा कृपा करून बसून राहा. आमच्या गावात तशी तीन माणसं निघाली असती, तर बन्सीआबांना डिझेल ओतून जाळावं लागलं नसतं.