वेणूच्या सिंगापूरचे मैल

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. बँकेचं नव्हे, विमान कंपनीचं. निळ्या प्लास्टिकचा, तळहातात मावेल एवढा माझा देह. माझ्या अंगावर उठावाच्या आकड्यांत एक लांबलचक क्रमांक आहे आणि त्याखाली माझ्या मालकाचं नाव आहे, कमळाकर नाखवा. सोनेरी रंग उडाला, तरी बोट फिरवलं तर नाव अजून लागतं.

एका कारखान्यात प्लास्टिकच्या मोठ्या तावावर आम्ही शेकडो भावंडं शेजारी शेजारी छापली गेलो. मग पात्यानं आम्हाला वेगळं केलं आणि यंत्रानं एकेकाच्या पाठीतून अक्षरं वर उचलली. दुखलं असेल, पण नाव मिळाल्याच्या आनंदात मला ते आठवत नाही. २००५ साली एका लिफाफ्यातून मी नवीन पनवेलला, खांदा कॉलनीतल्या घरी पोहोचलो. सोबतच्या रंगीत कागदावर लिहिलं होतं, जितके उडाल तितके मैल जमतील आणि जमलेल्या मैलांवर फुकट प्रवास कराल. आमच्या विमानांत आणि आमच्या भागीदार कंपन्यांच्या विमानांतही. त्याखाली मुंगीएवढी अक्षरं होती. ती घरात कुणी वाचली नाहीत.

कमळाकर मूळचे उरणजवळच्या करंजाचे. वडील होडी घेऊन समुद्रात जायचे. कमळाकर वेल्डिंग शिकले आणि मोठ्या मालवाहू जहाजांवर फिटर म्हणून लागले. वर्षातला बराचसा काळ ते पाण्यावरच असत. जहाज काही त्यांना घ्यायला पनवेलला येत नसे. ते जिथं असेल तिथं विमानानं जाऊन चढायचं. कधी ह्यूस्टन, कधी रॉटरडॅम, कधी ब्राझीलचं सांतोस. दोन-तीन विमानं बदलावी लागत. तिकिटं जहाजाची कंपनी काढायची. विमानतळावरच्या काउंटरवर कमळाकर माझा क्रमांक सांगायचे. तो त्यांनी पाठ केला होता, म्हणून मला घरीच ठेवून जात.

त्यांची बायको वेणू. तिनं विमान पाहिलं होतं ते आकाशातच. एकदा जेवताना ती म्हणाली, "तुमी वर्सातलं एवढं महिने तिकडं काडता. कुठं निजता, काय खाता, मी कंदी बगितलंच नाय."

कमळाकर म्हणाले, "जहाज दुरुस्तीला सिंगापूरला लागतं. महिनाभर गोदीत उभं र्‍हातं. सायेबांच्या बायका येतात तवा. तुला पन नेतो. या कार्डात मैल पडू दे."

त्या दिवशी मला कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी जागा मिळाली. वेणूनं पासपोर्ट काढून घेतला. त्याच्या फोटोसाठी तिनं नवी साडी नेसली होती. तो पासपोर्ट माझ्या अंगावर ठेवला गेला आणि आम्ही दोघं वाट पाहू लागलो. पाहुणे आले की मला बाहेर काढायचे. "वेणू सिंगापूरला जानार हाय," असं करंजाहून आलेल्या बायका एकमेकींना सांगायच्या. दर दिवाळीला वेणू मला पदरानं पुसायची. मित्रांनो, माझ्या सुखाचे दिवस ते तेवढेच.

तुम्हाला वाटेल, मला तरी ठाऊक असेल किती मैल जमले. पण मैल कार्डाच्या पोटात नसतात. ते दूर कुठल्या तरी संगणकात असतात. हिशेब ई-मेलवर जात असे, आणि तो ई-मेलचा पत्ता विमानतळाच्या काउंटरवरच्या एका मुलीनं उघडून दिला होता. कमळाकरांनी तो पुन्हा कधी पाहिला नाही. ते साधा हिशेब करायचे. ह्यूस्टन म्हणजे अर्धी पृथ्वी. जाऊन आलो म्हणजे पृथ्वीला एक फेरी. अशा कितीतरी फेर्‍या झाल्या होत्या.

२०१२च्या मार्चमध्ये जहाज दक्षिण आफ्रिकेच्या डर्बन बंदरात असताना इंजिनखोलीत वाफेचा पाइप फुटला. कमळाकर समोर उभे होते. दोन्ही हात आणि छाती भाजली. जहाजाच्या कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून फोन आला, की त्यांना तिथल्या इस्पितळात ठेवलंय, सगळा खर्च कंपनी करतेय. वेणूनं विचारलं, "मना न्याल का तिकडं?" पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, की व्हिसासाठी पत्र देऊ, पण कुटुंबाचं तिकीट करारात बसत नाही.

वेणूनं फोन ठेवला आणि कपाट उघडलं.

कॉलनीतच निकेशचं तिकिटांचं दुकान होतं. मुलगा रोडपालीचा, वेणूला काकी म्हणायचा. वेणूनं मला त्याच्या टेबलावर ठेवलं, शेजारी पासपोर्ट ठेवला. "सिंगापूर र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "मना डर्बनला जायचंय. मैल हायत."

निकेशनं माझा क्रमांक संगणकात टाकला. पडद्यावरचा हिशेब त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला.

"काकी, यात फार नाहीत. यात गोव्यापर्यंतसुद्धा जाता येणार नाही."

"एवढ्या वर्सांचं मैल हायत त्यात. नीट बग."

निकेशनं खुर्ची तिच्याकडे वळवली. "काका समजत होते तसं ते नसतं. तिकीट एकच असलं तरी प्रत्येक विमानाचा टप्पा वेगळा मोजतात. मुंबईहून निघाले तो पहिला टप्पा या कंपनीच्या विमानात, त्याचे थोडे मिळाले. पुढचा लांबचा टप्पा भागीदार कंपनीच्या विमानात. तिथं तिकिटावर दर दाखवणारं कुठलं अक्षर आहे ते बघतात. जहाजवाले खलाशांसाठी सवलतीची तिकिटं घेतात. त्या अक्षराला भागीदार कंपनी एकही मैल देत नाही. आणि शेवटचं छोटं विमान तर तिसर्‍याच कुणाचं. उड्डाणाचा नंबर भागीदाराचा, विमान दुसर्‍याचं."

वेणू विचार करून म्हणाली, "म्हंजे एसटीचा पास मिनीडोर रिक्षामदी चालत नाय, तसा?"

"तसंच. आणि जे जमले होते त्यातले जुने तीन वर्षांनी बाद झाले."

वेणूनं पिशवीतून विमानात बसतानाचे सगळे पास काढले. कमळाकर प्रत्येक खेपेचे जपून आणायचे. निकेश म्हणाला, राहिलेले मैल मागून घेता येतात, पण सहा महिन्यांच्या आत. तरी त्यानं एकेक कागद उलटून पाहिला. ते गुळगुळीत कागद पांढरे झाले होते. शाई उडून गेली होती. कुठून कुठं, कोणत्या तारखेला, काहीच वाचता येत नव्हतं.

रोखीनं तिकीट काढण्याची घरची ताकद नव्हती. वेणू मला पदरात घेऊन चालत घरी आली. मुलगी भाविका दारात उभी होती. तिनं आईच्या हातातली पिशवी घेतली.

त्यानंतर वेणू फोनवरच नवर्‍याला भेटायची. तिकडची परिचारिका फोन त्यांच्या कानाशी धरायची. त्यांना बोलता येत नसे, घशात नळी घातलेली होती. वेणू एकटीच बोलायची. करंजात कुणाची होडी आली, बोंबील कसे सुकलेत, भाविकाचा अभ्यास कसा चाललाय. बोलण्यासारखं संपलं की ती नुसती फोन धरून बसायची. पलीकडून श्वास ऐकू यायचा. मग परदेशी भाषेत कुणीतरी काही म्हणायचं आणि फोन बंद व्हायचा.

"आपल्या भाषेतलं त्यांना तिकडं कोनच नाय," ती एकदा भाविकाला म्हणाली. एवढंच.

मे महिन्यात कमळाकर परतले. सोबत एक डॉक्टर होता. निघायचं अचानक ठरलं, म्हणून जहाजाच्या कंपनीनं पूर्ण दराची, पुढच्या मोठ्या खुर्च्यांची तिकिटं काढली. निकेशनं कंपनीच्या तिकीटवाल्याला फोन करून माझा क्रमांक त्यावर घालायला लावला होता. काही आठवड्यांनी तो घरी आला. कमळाकर खिडकीशी बसले होते. त्यांची बोटं एकमेकांना चिकटून आखडली होती. वेणू त्यांना घास भरवत होती.

"काका, या वेळी सगळे टप्पे जमा झाले," निकेश म्हणाला. "भागीदाराचेसुद्धा. पूर्ण दराचं अक्षर होतं ना. वर जास्तीचे मिळाले. एका माणसाचं सिंगापूरचं जाणं-येणं होईल."

निकेशला आपण काय बोललो ते उशिरा उमगलं असावं.

कमळाकर वेणूकडे बघून म्हणाले, "जाऊन ये. बगून ये."

"काय बगू?" वेणू म्हणाली. "तुमी कुठं र्‍हाता ते बगायचं होतं. तुमी तर हितं हाव." तिनं पुढचा घास उचलला. "आनि मी गेले तर तुमाला भरवनार कोन?"

दोघांना पुरतील एवढे मैल नव्हते. भाविकानं सुचवलं, बाबांनी पुन्हा थोडं उडावं म्हणजे पुरे होतील. पण ज्या हातांना वेल्डिंगची नळी धरता येत नाही, त्यांना कोणतं जहाज बोलावणार? करंजातल्या ओळखीच्या माणसानं त्यांना मासळीच्या लिलावाजवळ राखणदारीला बसवलं. तेही पावसाळ्यानंतर सुटलं. मैल तीन वर्षं संगणकात पडून होते. २०१५च्या मे महिन्यात तेही बाद झाले. त्या दिवशी घरात कुणाला आठवणही नव्हती. पुढच्या वर्षी वेणूच्या पासपोर्टचीही मुदत संपली. त्यात एकही शिक्का नाही.

आता मी टीव्हीखालच्या खणात असतो. मला कुणी पुसत नाही, आणि माझी तक्रारही नाही. कमळाकर दिवसभर समोर बसलेले असतात. वेणू आंघोळ घालते, शर्टाची बटणं लावते. ज्या जागा तिला बघायच्या होत्या त्यांच्याबद्दल तीही विचारत नाही, तेही सांगत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखं कार्ड तुमच्या घरी आलं तर बारीक अक्षरं मोठ्यांना वाचून दाखवा. तिकिटावर कुठलं अक्षर आहे, विमान खरं कुणाचं आहे, हे आधी विचारा. कागदाची शाई उडायच्या आत मैल मागून घ्या. पण एवढं सगळं करूनही एक गोष्ट माझ्यावर सोपवू नका. आपल्या माणसाला काही दाखवायचं असेल तर ते माझ्या भरवशावर पुढं ढकलू नका. जमेल तेवढंच दाखवा, उरणच्या धक्क्यापर्यंत का होईना, पण हात धरून न्या. कमळाकर आणि वेणू जहाज बघायला म्हणून तेवढेही कधी गेले नाहीत. दोघं सिंगापूरची वाट बघत होते.